सतरावी तऱ्हा

"सोळा नाहीत, ताई. सतरा आहेत."

भाऊ वहीची पानं उलटता उलटताच हे बोलला. ताई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"काय सतरा?"

"या तुझ्या तऱ्हा. शेवटच्या पानावर लिहिलंयस बघ, 'एकूण सोळा'. सतरा असतात. कमी नाही, जास्त नाही. सिद्ध झालेलं आहे ते, शंभराच्या वर वर्षं झाली."

तिने कप टेबलावर ठेवले. एका कपातला चहा बशीत सांडला होता. तो तिने परत कपात ओतला आणि तो कप आपल्याकडे ओढला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"केव्हापासून म्हणजे? एम.एस्सी.ला होतं आम्हाला. अख्खं एक प्रकरण." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "पण तुझीही कमाल आहे हं. पट्टी आणि पेन्सिल घेऊन सोळापर्यंत येणं म्हणजे चेष्टा नाही."

भाऊ गणिताचा प्राध्यापक. याच वर्षी निवृत्त झालेला, डोक्यावर एक काळा केस न उरलेला. पण घरातलं त्याचं नाव बारक्या होतं आणि ताईच्या तोंडी ते तसंच राहिलं होतं. वाचनालयाच्या सभागृहात त्याचं व्याख्यान ठरलं होतं. विषय होता निसर्गातलं, कलेतलं आणि गोष्टींतलं गणित. पडद्यावर दाखवायला छापील कापडाचे जुने नमुने हवेत, म्हणून तो आला होता. ताईने माळ्यावरचं गाठोडं काढून ठेवलं होतं. त्यातच ही वही होती. सत्तेचाळीस वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. आज ती गाठोड्यात चुकून राहिली की मुद्दाम ठेवली, हे ताईलाही नीट सांगता आलं नसतं.

वडील कापड छपाईच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि बारक्या नऊ. शाळेची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. कारखान्याने वडिलांच्या जागी घरातल्या एकाला घेतलं, आणि घरात घेण्याजोगं दुसरं कुणी नव्हतं. हात स्थिर आहे म्हणून तिला रिपीटच्या कामावर बसवलं. चित्रकार फुलांचा एक गुच्छ काढून मोकळा व्हायचा. तोच गुच्छ ठाणभर कापडावर पुन्हापुन्हा पडला तरी कुठे सांधा दिसता कामा नये, हे बघायचं काम तिचं. जोड बसला की तो कुणीतरी बसवलाय हे कुणाच्या मनातही येत नसे. चुकला की कापडावर आडवी रेघ उमटे, आणि मग सगळे विचारत, हे कुणी केलं? कारखान्यात तिला जोडताई म्हणत.

चौथ्या वर्षी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. चित्रकार बदलत होते, फुलं, पक्षी, ठिपके बदलत होते, पण ते कापडावर पसरायच्या तऱ्हा त्याच त्या होत्या. कधी गुच्छ नुसता सरकायचा. कधी स्वतःभोवती अर्धा फिरायचा, कधी चारदा, कधी मधमाशीच्या पोळ्यासारखा सहादा. कधी शेजारी आरसा धरल्यासारखा उलटा उमटायचा. कधी ओल्या वाळूतल्या पावलांसारखा, एक डावा, एक उजवा, असा चालत जायचा. तिने त्यांना आपली नावं दिली: सरक, फिरकी, आरसा, पाऊल. मग ती एकात एक मिसळून बघू लागली. काही मिसळींतून नवी तऱ्हा निघे, काहींतून जुनीच वेश बदलून येई. ज्या नव्या वाटल्या त्यांना तिने वहीत एकेक पान दिलं. पहिल्या नऊ दोन वर्षांत सापडल्या. पुढच्या मात्र एकेकीला वर्षं लागली. सोळावी निवृत्तीच्या आदल्या वर्षी दाताच्या दवाखान्यातल्या वेताच्या खुर्चीवर मिळाली. त्यानंतर काही नाही. शेवटी तिने वहीच्या शेवटच्या पानावर शाईने आकडा लिहिला. सोळाच का, ते तिला सांगता येत नव्हतं. पण हे कळलेलं माणूस आपण पहिलंच, असं ती मनातल्या मनात धरून चालली होती.

"एम.एस्सी.चा अभ्यास तू इथेच करायचास ना?" तिने विचारलं. "या टेबलावर?"

"मग कुठे?"

"मी तिकडच्या बाजूला बसायचे."

"हो ना. दिवा एकच होता."

"तेव्हा वहीत बारा झाल्या होत्या." तिने कपाचा कान फिरवून नीट केला. "ही समोर काय काढत बसते, असं कधी आलं नाही तुझ्या मनात?"

"कारखान्याचं काम आणायचीस तू घरी," बारक्या म्हणाला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "आणि तू तरी कधी विचारलंस, मी काय वाचतोय म्हणून?"

ते खरं होतं. त्याची पुस्तकं आपल्या डोक्यावरून जाणारी आहेत असं तिने ठरवूनच टाकलं होतं. पुस्तकांवर धूळ बसू नये एवढं ती बघायची.

"तर ही जी राहिलीय ना तुझी, ती..." त्याने वहीची पानं मागे उलटायला घेतली.

ताईने वहीवर पंजा ठेवला. "सांगू नकोस."

"अगं, कोडं आहे का हे? पुस्तकात छापलेलं आहे."

"असू दे. सोळा माझ्या मी काढल्या. एक राहिलीय, तीही मीच काढीन. आहे एवढं कळलं ना, आता सापडेल."

"या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"डोकं माझं आहे."

तो हसला. लहान पोराचा हट्ट पुरवतात तसे त्याने दोन्ही हात वर केले. मग चहा पिता पिता त्याने वहीच मागितली. लोकांना सूत्रं नको असतात, माणूस लागतो, असं तो म्हणाला. पडद्यावर ही पानं दाखवली तर सभागृह उठून उभं राहील. नाव घेऊन सांगेन, माझी ताई म्हणून.

"सोळाच दाखवायच्या," ताई म्हणाली.

"सोळाच."

"शब्द दे."

"दिला ना. शब्द."

व्याख्यानाला तीन आठवडे होते. वही गेली तरी तिचं काही अडलं नाही, सगळी पानं तिला पाठ होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंवर ती पेन्सिलने काढत बसे. बाहेर पडली की जाळ्या बघे, फरशा बघे, शेजारणीच्या स्वेटरची वीण बघे. बसथांब्यावर पुढच्या बाईच्या पदराकडे ती इतकी टक लावून बघत राहिली की बाईने पदर आवरून घेतला. पहिल्या आठवड्यात तिला राग होता. दुसऱ्यात राग कुठे गेला ते कळलंही नाही. तिला वेळेवर झोप लागत होती, भूक लागत होती. निवृत्तीनंतर सकाळी उठून काहीतरी करायचं आहे असं पहिल्यांदाच वाटत होतं.

कलरमास्तर दोन गल्ल्या सोडून राहायचे. कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रंग कालवले होते. आता आठवड्यातून एकदा ते चहाला येत.

"सापडली?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही. पण तीनच्या फिरकीत आहे. बाकी सगळीकडून फिरून आले. दोनात नाही, चारात नाही, सहात नाही."

"तीनच्या फिरकीचं आपण काही छापलंच नाही फारसं."

"म्हणून तर राहिली असेल. हाताखालून गेलीच नाही."

"प्रोफेसरसाहेबांना माहीत आहे, आणि तुम्ही विचारत नाही?"

"नाही."

मास्तरांनी मान डोलावली. "माझंही तसंच होतं. तो करडा रंग आठवतो? मालक म्हणाले बाहेरून आणू. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस कसले, दोन महिने घेतलेत."

"पण लागला की नाही?"

व्याख्यान रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी ताई जेवणासाठी काकडी चिरत होती. काकडीच्या कापात बियांचे तीन कप्पे असतात, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. आज सुरी थांबली. तीनची फिरकी, आणि प्रत्येक कप्प्याच्या मधून आरसाही जातो. तिने सगळी काकडी चिरली आणि काप ताटात एकाला एक लावून ठेवले, पोळ्यातल्या घरांसारखे. प्रत्येक कापाचे कप्पे शेजाऱ्यांमधल्या फटींकडे रोखलेले. ही तर तिचीच, वहीतली तेरावी. ती बघत राहिली. इथेच काहीतरी आहे असं तिला वाटलं. बोट एका कापावर टेकलं, आणि फोन वाजला.

भावजय होती. "ताई, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय हं. नाव चिकटवायला सांगितलंय."

"बघते. जमलं तर येईन."

"जमलं तर काय? वही तुमची, आणि तुम्हीच नसलात तर बरं दिसणार नाही. लोक विचारतील ना यांना."

साडी कुठली नेसू, गाडी पाठवू का, मास्तरांनाही आणा, असं सगळं होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. ताई परत आली तेव्हा कापांना पाणी सुटलं होतं आणि ते ताटात एकीकडे घसरून गोळा झाले होते. तिने ते पुन्हा मांडून पाहिले. मघा मनात काय येत होतं ते काही केल्या परत येईना. तिने घाई केली नाही. जागा सापडली होती. अजून दोन दिवस, फार तर चार.

सभागृह भरलं होतं. ताई आणि मास्तर पहिल्या रांगेत बसले. बारक्या छान बोलत होता. त्याने पाकळ्या मोजून दाखवल्या, शंखाची वळणं उलगडून दाखवली, मुंग्यांच्या वाटा दाखवल्या. मग म्हणाला, गोष्टींतही गणित असतं. लहानपणी त्याच्या घरी एक गोष्ट सांगत. शिंप्याची सुई तळ्यात पडते. मासा ती द्यायला तयार नसतो, त्याला शेवाळ हवं असतं. शेवाळाला सावली हवी असते, सावली देणाऱ्या झाडाला वारा हवा असतो. वारा मिळाल्यावर तीच गोष्ट उलट पावली परत येते, झाड, सावली, शेवाळ, मासा, सुई. "या गोष्टीच्या बरोबर मध्ये एक आरसा उभा आहे," बारक्या म्हणाला. "मी सहा-सात वर्षांचा असेन, पण हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर ताईकडे झुकले. "ही तर तुमची गोष्ट. कारखान्यात डबा खाताना सांगायचात. आरशासकट."

"ऐका," ताई म्हणाली.

मग पडद्यावर वही आली. तिची पेन्सिलीची रेघ भिंतीएवढी मोठी झालेली तिने कधी पाहिली नव्हती. पहिलं पान, दुसरं पान. शाळाही पूर्ण न करता आलेली आपली बहीण, कारखान्यातलं टेबल, वडिलांची जागा, असं बारक्या सांगत गेला. त्याचा आवाज एकदा भरूनही आला आणि ते खोटं नव्हतं. सोळावं पान आलं तेव्हा मागच्या रांगांतले लोक माना उंचावून ताईला शोधू लागले.

"आणि खरी मौज पुढेच आहे," बारक्या म्हणाला. "या तऱ्हा असतात सतरा. माझी ताई जवळजवळ पन्नास वर्षं खपली आणि सोळावर अडकून बसली. सतरावी तिच्या नाकासमोर होती हो, तेराव्या पानाच्या अगदी शेजारी. पण दिसली नाही."

लोक हसले. कुणी वाईट हसलं नाही. गोड गोष्ट ऐकून हसतात तसे हसले. मास्तरांनी तिचा हात धरला. "ताई, डोळे मिटा," ते म्हणाले. पण पडद्यावरचं चित्र तोवर बदललं होतं.

तिच्या ताटातले काप जणू जरासे फिरवलेले. एवढंच. फटींकडे रोखलेले कप्पे आता शेजाऱ्यांकडे रोखलेले, आणि त्यामुळे फटीच्या मधोमध फिरकीचा एक बिंदू असा उरलेला की त्याच्यातून एकही आरसा जात नव्हता. ताईने ते पापणी लवायच्या आत पाहिलं, चारही बाजूंचा जोड तपासला, आणि तिला सगळं कळलं.

नंतर लोकांनी तिला घेरलं. कुणी हात हातात घेतला, कुणी फोटो काढला. एक बाई म्हणाल्या, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. गर्दी ओसरल्यावर बारक्या जवळ आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"शब्द दिला होतास," ताई म्हणाली.

"अगं, माहीत आहे मला. पण शेवट नको का? सोळावर आणून सोडलं असतं तर लोक अर्धवट जेवून उठल्यासारखे उठले असते. सतरावी दाखवली तेव्हा बघितलंस ना सभागृह?"

"बघितलं."

"आणि तूही सुटलीस एकदाची. किती दिवस डोकं धरून बसणार होतीस?"

"चार," ताई म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. कुणीतरी त्याला हाक मारली होती.

बसमध्ये मास्तरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "मिटायचे होते डोळे."

"समोर जोड आला, मास्तर. जोड समोर आल्यावर मी कधी डोळे मिटलेत?"

"मी उद्या त्यांच्याकडे जातो. दोन शब्द सुनावतो."

"काय सुनावणार? त्याला म्हणाल काय?"

मास्तरांनी विचार केला. उतरायची वेळ आली तेव्हा ते नुसतं म्हणाले, "सांभाळून उतरा."

आठवड्याने बारक्या वही परत द्यायला आला. सोबत बातमीही होती. एका प्रकाशकाला व्याख्यानाचं पुस्तक करायचं होतं, आणि वहीची पानं जशीच्या तशी आत घालायची होती. वही त्याने तपकिरी कागदाचं कव्हर घालून आणली होती, जुन्या कव्हराचे कोपरे झिजले होते म्हणून.

"आणि हे बघ," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

सोळाव्या पानासमोरचं पान आता भरलं होतं. सतरावी तऱ्हा त्याने तिथे स्वतः काढली होती. काळ्या शाईच्या पेनने, कंपास आणि पट्टी लावून, तिच्या पानांवर वर जसा आकडा असे तसा आकडा घालून. शेवटच्या पानावरचं 'एकूण सोळा' खोडून 'सतरा' केलं होतं.

"दोन संध्याकाळी बसलो होतो," बारक्या म्हणाला. "म्हटलं, अपुरी कशाला परत द्यायची?"

ताईने चहा ठेवला. त्याला साखर कमी लागते, तशी घातली. तो त्याच्या नेहमीच्या बाजूला बसला, ती तिच्या. नातवाची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं, पुस्तकाचं नाव काय ठेवावं, असं तो बोलत होता आणि ती ऐकत होती. पुस्तकात पानं घालायला तू हो म्हणशील ना, असं त्याने निघताना विचारलं.

"नको," ताई म्हणाली.

"का गं?"

"नको म्हटलं ना."

"बरं. विचार कर. घाई नाही." जिन्यात वळून तो म्हणाला, "तू खूश नाहीस का, ताई?"

"जपून जा. तळाशी दिवा गेलाय."

दार लावून ती आत आली. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाई चुकून पडली की ती अर्ध्या ब्लेडने खरवडून काढायची, हे कारखान्यात तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ब्लेड आडवं धरायचं, दाब द्यायचा नाही, एकाच दिशेने जायचं. खिडकीशी उजेड होता. तिथे खुर्ची घेऊन ती बसली आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. बारक्याने पेन दाबून चालवलं होतं. शाई कागदात खोल गेली होती, त्यामुळे तिला तीन-तीनदा त्याच रेघेवरून यावं लागलं. मध्ये एकदा मान अवघडली तेव्हा ती उठून पाणी प्यायली. राखेसारखा बारीक भुगा तिने तळहाताने टेबलाच्या कडेला आणला आणि कागदाच्या तुकड्यावर गोळा केला. सगळ्यात शेवटी वरचा आकडा गेला.

पान कोरं झालं, पण फार पातळ झालं. मिटून तिने ते समोरच्या पानावर टेकवलं, तेव्हा सोळाव्या तऱ्हेच्या रेघा त्यातून वर दिसू लागल्या.